पेनड्राइव्हवरून प्रोजेक्ट घरी आणला, तर गिट (फायलींतले बदल नोंदवणारं साधन) म्हणतंय सगळ्याच फायली बदलल्या. आता काय करू?

आधी कमिट, म्हणजे बदलांची गिटमध्ये नोंद, करायचं थांबवा. अंबडच्या ऑफिसातल्या विंडोजवरून अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलंत, पंचवटीत घरी उबुंटूवर टाकलंत, आणि हातही न लावलेल्या ४१२ फायली लाल झाल्या, असं तुम्ही लिहिलंय. सातपूरला नोकरीत असताना मीही हेच केलं होतं, वर 'फायली त्याच तर आहेत' म्हणून सगळं कमिट करून पुशही केलं, म्हणजे टीमच्या सर्व्हरवर पाठवलं. दुसऱ्या दिवशी गिट ब्लेम (कोणती ओळ शेवटची कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) उघडलं, तर मी यायच्या आधी लिहिलेल्या ओळींवरही माझंच नाव! जुना बग निघाला की सगळे माझ्याकडे बघायचे.

विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन खुणा असतात, सीआर आणि एलएफ; लिनक्सवर फक्त एलएफ. विंडोजच्या गिटमध्ये ऑटोसीआरएलएफ बहुधा ट्रू असतं: फाइल डिस्कवर काढताना सीआर जोडायचा, आत घेताना काढून टाकायचा. ही सेटिंग त्या मशीनची, ती फोल्डरबरोबर येत नाही. म्हणजे सीआर तुमच्याबरोबर पंचवटीला आले, ते काढणारा अंबडलाच राहिला.

खात्रीसाठी 'गिट एलएस-फाइल्स --ईओएल' चालवा. फायलींपुढे 'आय/एलएफ डब्ल्यू/सीआरएलएफ' दिसलं की रोग हाच. आय म्हणजे गिटच्या इंडेक्समधली (त्याने स्वतःकडे नोंदवलेली) प्रत, डब्ल्यू म्हणजे डिस्कवरची.

ऑफिसातलं अर्धवट काम त्यात नसेल तर 'गिट रीसेट --हार्ड' करून मोकळे व्हा; डिस्कवरच्या फायली शेवटच्या कमिटसारख्या होतात. असेल तर या कमांडला चुकूनही हात लावू नका, ते काम जाईल. त्याऐवजी त्या प्रोजेक्टपुरती कोअर.ऑटोसीआरएलएफ ही सेटिंग 'इनपुट' करा (फाइल आत घेताना सीआर काढायचा, बाहेर काढताना जोडायचा नाही) आणि पुन्हा 'गिट स्टेटस' बघा. खरोखर बदललेल्या तेवढ्याच फायली उरतील. डिस्कवरचे सीआर मात्र तसेच राहतात, त्यामुळे एखादी शेल स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रीटर' म्हणून रुसली तर दचकू नका.

कोअर.फाइलमोड फॉल्स करा, असंही कुणीतरी सांगेल. तो उपाय परवानग्या बदलल्या असतील तेव्हाचा; डिफमध्ये (बदलांच्या यादीत) 'ओल्ड मोड १००६४४, न्यू मोड १००७५५' दिसतं तेव्हा. विंडोजवर तयार झालेल्या रेपोत (गिटने सांभाळलेल्या प्रोजेक्टच्या फोल्डरात) ते आधीच फॉल्स असतं, म्हणून तुमच्या बाबतीत त्याने काही होणार नाही.

कायमचा बंदोबस्त म्हणजे गिटॲट्रिब्यूट्स फायलीत '* टेक्स्ट=ऑटो' ही ओळ; मग कुठल्याही मशीनवर फाइल आत घेताना गिट ओळींचे शेवट एलएफच करतं. ती रेपोबरोबरच फिरते. पण टीमला विचारून टाका.

आणि फोल्डर उचलून आणण्यापेक्षा 'गिट बंडल क्रिएट' वापरा, शेवटी --ऑल लावून. सगळा इतिहास एका फाइलमध्ये येतो, घरी तिच्यावरून थेट क्लोन करता येतं. कमिट न केलेलं काम मात्र त्यात येत नाही, तेव्हा ऑफिसातून निघताना ते एका वेगळ्या ब्रँचवर कमिट करून ठेवा.