वारा सुटला की अंग आधी पळतं

ताई, मी चोपडा तालुक्यातली, वय 26. अकरा वर्षांची होते तेव्हा जूनच्या वादळात आमची कापणीला आलेली केळी आडवी झाली आणि घराच्या पत्र्याखाली सापडून आजी गेली. अजूनही जोराचा वारा सुटला की छाती धडधडते, लेकराला घेऊन मी कोपऱ्यात बसते. घरी म्हटलं, "मला ट्रॉमा आहे." जाऊबाई हसल्या, "मोबाईलमधली फॅशन." माझा शब्द चुकला का?

पोरी, शब्द चुकला नाही. तरी जाऊबाईंवर रागावू नकोस. हल्ली दोन मार्क कमी पडले तरी पोरं ट्रॉमा म्हणतात. त्यांना वाईट वाटतं ते खरंच असतं, पण त्यासाठी 'मनाला लागलं', 'जिव्हारी लागलं' असे शब्द आपल्याकडे आहेत. सगळ्याला एकच नाव दिलं की तुझ्यासारखीचं दुखणं त्यात हरवतं, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

ट्रॉमा हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ जखम. म्हणून तर अपघातातल्या जखमींच्या विभागाला ट्रॉमा सेंटर म्हणतात. मनाच्या जखमेसाठी तो नंतर रुळला, आणि आघातानंतरच्या आजाराला अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1980 साली आपल्या यादीत स्वतंत्र नाव दिलं. मला मात्र आपला 'सल' जास्त जवळचा वाटतो. तो 'शल्य'वरून आला. शल्य म्हणजे अंगात रुतून राहिलेलं बाणाचं टोक, काटा. बाभळीचा काटा टाचेत मोडला की वरची कातडी मिटते, पण पाय टेकला की कळ थेट डोक्यात जाते. तुझं तसंच आहे. आजीची आठवण येऊन रडू येतं, ते दुःख. पण वारा ऐकल्यावर काही आठवायच्या आतच अंग पळत सुटतं, तो हा रुतलेला काटा.

अशा प्रसंगातून गेलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असं नाही. तुझ्या त्रासाला आजार म्हणायचं की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावं. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. जळगावच्या सिव्हिलमध्येही मानसोपचाराचे डॉक्टर भेटतील. पुढच्या वादळी दिवसांची वाट बघू नकोस, आत्ताच जा.

आणि जाऊबाईंना ट्रॉमा हा शब्द सांगूच नकोस. भाकरी थापताना शेजारी बसून आपल्या बोलीत म्हण, "वारा सुटना का माले भेव वाटस, डोयासमोर आजी दिसस." उडालेले पत्रे त्यांनीही पाहिले असतील.