दोन उपासनापद्धती पाहायला निघताना

तुम्ही कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स या दोन ख्रिस्ती परंपरांची उपासना एकत्रच अभ्यासायला घेतली आहे, हे उत्तम. मात्र पहिले दोन-तीन महिने पुस्तके बाजूला ठेवून प्रत्यक्ष उपासनेला जा आणि मागे शांतपणे उभे राहा. केरळमधल्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सहसा चपला बाहेर काढतात. तेथे वेदीपुढचा पडदा केव्हा सरकतो, एवढेच पहिल्या दिवशी टिपले तरी पुष्कळ झाले.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे जुने तेच भक्तिपूर्ण आणि नवे ते उथळ, असे आधीच ठरवून टाकणे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लॅटिनसोबत लोकभाषांना वाट करून दिली, म्हणून वसईतील आजीबाईंना मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) मराठीतून ऐकता आली. उलट, ऑर्थोडॉक्स परंपरा कधी बदललीच नाही असे मानणाऱ्याने सतराव्या शतकातील रशिया पाहावा. तेथे रशियन चर्चचे प्रमुख, पॅट्रिआर्क निकॉन यांनी क्रुसाची खूण दोन बोटांऐवजी तीन बोटांनी करायला लावली आणि अशाच बदलांवरून चर्च दुभंगले. (हे किरकोळ वाटत असेल, तर घरातल्या देवपूजेचा क्रम एकदा बदलून पाहा.)

आणखी दोन गोष्टी सांभाळा:

- केवळ शिष्टाचार म्हणून कम्युनियनच्या (पवित्र भाकर व द्राक्षारस घेण्याच्या) रांगेत उभे राहू नका.
- मलंकरा आणि रशियन चर्च ही वेगळी ऑर्थोडॉक्स कुळे आहेत. एकावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढू नका.

कम्युनियनची भाकर खमिराची की बिनखमिराची, या दोन परंपरांमधल्या वादात मात्र इतक्यात शिरू नका.