जीप आमच्याच दारात उभी राहायची

प्रश्न : वकीलसाहेब, आम्ही गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले. माझे मालक गावचे पोलीस पाटील होते. २०१० साली तेंदूपत्त्याच्या हंगामात नक्षल्यांच्या दलमवाल्यांनी (हत्यारबंद टोळीनं) त्यांना रात्री उठवून नेलं. सकाळी रस्त्यावर सापडले. अंगावर चिठ्ठी होती, ‘पोलिसांचा खबऱ्या’. त्यांनी कधी कोणाची खबर दिली नाही. पण पोलिसांची जीप आली की आमच्याच दारात उभी राहायची, आणि चहा आमच्याच ओसरीत व्हायचा. जीप दारात लावू नका, असा अर्ज मालकांनी ठाण्यात दिला होता. शिक्का मारलेली प्रत पेटीत आहे. सरकारनं तीन लाख दिले. आता मुलगा म्हणतो, मारलं नक्षल्यांनी, मग आई, तू सरकारवर का चिडतेस? मला उत्तर देता येत नाही.

उत्तर : ताई, मुलाचं म्हणणं निम्मं खरं आहे, ते आधी मान्य करू. खून बंदूकवाल्यांनी केला. आदिवासींसाठी लढतो म्हणत त्यांनी आदिवासी गावांतलेच पाटील आणि सरपंच मारले. त्या पापातला एक पैसाही मी दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकणार नाही. सरकारची वही वेगळी आहे, आणि तिच्यात तुमच्या पेटीतला तो कागद पहिल्या पानावर येतो.

मुलाला २००९ साल सांगा. त्याच वर्षी फेब्रुवारीत तुमच्याच तालुक्यातल्या मरकेगावला १५ पोलीस मारले गेले, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६, ऑक्टोबरात लाहेरीला १७. हातात रायफल असलेल्यांची ही गत, तर हातात काठीसुद्धा नसलेल्या पाटलाचं काय होईल, हे जिल्ह्यात कोणाला कळत नव्हतं? आणि तुमच्या मालकांनी तर ते लिहूनच दिलं होतं. जीपमधल्या पोरांना मी फार दोष देत नाही. तीही भेदरलेलीच असायची. गावात ऐसपैस ओसरी पाटलाची, सावलीही त्याच्याच दारात, म्हणून तिथं थांबायची. पण अर्ज वाचून ‘जीप गावाबाहेर उभी करा’ एवढा हुकूम काढायला कितीसा खर्च येतो? त्या एका न निघालेल्या हुकुमाचा जाब सरकारनं द्यायचा आहे.

हा निव्वळ तुमचा राग नाही, कोर्टांनीही असा विचार केला आहे. रशियात बेसलान इथं १ सप्टेंबर २००४ला, शाळा उघडण्याच्या दिवशी, अतिरेक्यांनी हजारावर मुलं-माणसं शाळेत कोंडली. तीनशेहून जास्त मेली, त्यात १८० हून जास्त लेकरं. घरची माणसं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेली. त्या भागात शाळा उघडण्याच्या सुमारास हल्ला होणार, अशी खबर सरकारकडे आधीच होती. तरी ना हल्लेखोरांना वाटेत अडवलं, ना शाळेला सावध केलं. आत ओलीस असताना इमारतीवर रणगाड्याच्या तोफाही डागल्या. एप्रिल २०१७मध्ये न्यायालयानं रशियाच्या सरकारला दोषी धरलं. त्यानं अतिरेक्यांचा गुन्हा कणभरही कमी झाला नाही. तो निकाल आपल्या कोर्टांना बांधील नाही, पण तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

घराजवळचं उदाहरण तर आपल्या सीमेपलीकडचंच. छत्तीसगडमध्ये सलवा जुडूमच्या, म्हणजे सरकारच्या पाठबळावर नक्षल्यांविरुद्ध उभ्या केलेल्या मोहिमेच्या काळात सरकारनं आदिवासी पोरांना महिना ३,००० रुपये मानधनावर विशेष पोलीस अधिकारी केलं आणि नक्षल्यांपुढं उभं केलं. ५ जुलै २०११ला सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. कमी शिकलेल्या, नीट प्रशिक्षण नसलेल्या पोरांचा जीव असा पणाला लावणं हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचाच भंग आहे, असं न्यायालय म्हणालं. तुमच्या मालकांना तर मानधन घेऊन लढायलाही कोणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या दाराचा नुसता वापर झाला.

तीन लाखांचं म्हणाल तर ती केंद्राच्या योजनेतली मदत. २०१६ला तिचे पाच लाख झाले. ती घेतलीत यात काही कमीपणा नाही. पण तिच्यात ‘आमचं चुकलं’ असं कुठं लिहिलेलं नसतं, आणि मला वाटतं तुम्हाला टोचतं ते तेच.

आता पुढं काय? ओडिशातल्या नीलाबती बेहरा या आईनं, मुलगा पोलिसांच्या ताब्यात मेला म्हणून, सर्वोच्च न्यायालयाला साधं पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयानं १९९३ला सरकारला दीड लाख भरायला लावले. तिथं मृत्यू पोलिसांच्या ताब्यात झाला होता. तुमचं प्रकरण त्याहून अवघड आहे, खोटी आशा देत नाही. ‘इतकी वर्षं कुठं होता?’ हेच सरकारी वकील पहिल्यांदा विचारेल. तरी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते, आणि गडचिरोलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील फुकट मिळतो. तिथं जा.

जाण्याआधी माहिती अधिकारात ठाण्याकडून आवक नोंदवहीतली त्या तारखेची नोंद आणि अर्जावर केलेल्या कारवाईची प्रत मागा. ‘वही सापडत नाही’ असं उत्तर आलं तर तेही लेखीच घ्या. पेटीतल्या प्रतीच्या तीन झेरॉक्स काढा, मूळ कागद कोणाच्याही हातात सोडू नका, आणि लॅमिनेट तर मुळीच करू नका. कोर्टाला तो जसा आहे तसाच बघायचा असतो. झेरॉक्सला मुलालाच पाठवा. अर्ज त्यानं अजून वाचलेला नसेल.