ओटीवर एक ताट, पडवीत एक

देवगडजवळच्या एका वाडीतून ताईंचं पत्र आलंय. यजमान हापूसचे बागायतदार. मुलगा पुण्यात शिकून दोन वर्षांपूर्वी घरी आला. त्याला पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकायच्या आहेत, वडील वाशीचा दलाल सोडायला तयार नाहीत. गेल्या मोसमात शब्दाने शब्द वाढला आणि तेव्हापासून बापलेकांचा अबोला आहे. समुपदेशक बाईंनी तिघांनाही बोलण्या-ऐकण्याच्या सरावाला बोलावलं, तर यजमान म्हणाले, "आता ह्या वयात शाळेत जावचा काय?" ताई विचारतात, आमचं घर इतकं बिघडलंय का?

ताई, नाही हो. तुम्ही लिहिलंय, "हे ओटीवर जेवतात, तो मागच्या पडवीत, आणि मी आमटीचं भांडं घेऊन दोन्हीकडे फिरते." ते वाचून मला भरून आलं.

यजमानांना सांगा, कोय कलम बांधायला कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात माहिती घ्यायला जाताना कुणाला कमीपणा वाटत नाही. बोलणंही तसंच शिकता येतं. बर्नार्ड गर्नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये आईवडिलांनाच मुलांसोबतच्या उपचारात्मक खेळाचं प्रशिक्षण देण्याची पद्धत मांडली. पुढे नवरा-बायको, पालक-मुलं यांनाही त्यांनी संवादाची कौशल्यं शिकवली. त्यांचं म्हणणं असं, की घरच्यांना रोगी समजू नका, विद्यार्थी समजा. तुमच्या बाई तेच करताहेत.

तिथे काय करून घेतील ते सांगते. एकाच्या हातात एखादी वस्तू द्यायची, तुमच्याकडे नारळाची करवंटीही चालेल. ती ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं, तेही दोन-तीन वाक्यं. दुसऱ्याने लगेच उत्तर द्यायचं नाही, जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. "म्हणजे बाबा, दलालाने अडीअडचणीला उचल दिली, ते तुम्ही विसरू शकत नाही." बरोबर असेल तर बाबा मान हलवतील, नसेल तर पुन्हा सांगतील. मग करवंटी मुलाकडे. सगळ्यात अवघड हेच असतं, कारण परत सांगितलं म्हणजे कबूल केलं, असं दोघांनाही वाटतं. तसं नाही. वाशी की थेट विक्री, हे तेव्हा ठरवायचंच नसतं.

दुसरी सवय "मी"पासून बोलण्याची. "तुला अक्कल नाही" याऐवजी "पेट्या परत आल्या तर माणसांची मजुरी कुठून देऊ, याची मला धास्ती वाटते." अशी वाक्यं सुरुवातीला तोंडात बसत नाहीत, पाठ केल्यासारखी वाटतात. वाटू देत.

पहिल्या दोन आठवड्यांत दलालाचं नावही काढू नका. पंप कधी दुरुस्त करायचा, असल्या विषयावर रोज पंधरा मिनिटं बसा. आणि रागात हात उगारला जात असेल, तर हा सराव लगेच थांबवून बाईंना तसं स्पष्ट सांगा.

यजमान नाहीच आले तर तुम्ही आणि मुलगा जा. मात्र "बाबांना सांग", "त्याला सांग" हे निरोप आजपासून पोचवू नका. आमटीचं भांडं ओटीवर मधोमध ठेवा आणि दोघांनाही हाक मारा. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा. महिन्याभराने मला कळवाल ना?