चीर कुठे द्यायची, हे के रीडिंगच्या अक्षाला विचारा

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही तालुक्याच्या धर्मादाय रुग्णालयात बिनटाक्याची एसआयसीएस, म्हणजे लहान छेदातून हाताने मोतीबिंदू काढायची शस्त्रक्रिया, करता, सगळे डोळे वरून, घड्याळातल्या बाराच्या जागी. दुसऱ्या दिवशी कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, स्वच्छ असतो, सगळे खूश असतात. सहा आठवड्यांनी नंबर काढला की निम्म्या लोकांना −२ ते −२.५ सिलिंडर (कॉर्नियाचं वळण सगळ्या दिशांना सारखं नसल्याने लागणारा नंबर, डायॉप्टरमध्ये), अक्ष ९०. हा सिलिंडर भरून काढणाऱ्या टोरिक भिंगाचे पैसे ना रुग्णाकडे आहेत ना ट्रस्टकडे. शिवाय एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांचा उजवा डोळा तुम्हीच केला, त्यात −२.५० राहिला. आता डाव्याचं के रीडिंग, म्हणजे कॉर्नियाच्या वळणाचं मोजमाप, उभ्या अक्षात ४३.०० आणि आडव्यात ४४.५० आलंय आणि त्यांना "बिनचष्म्याचं लांबचं" हवंय.

तुमचा हात बिघडलेला नाही. बसायची जागा चुकते आहे.

उत्तर त्या "अक्ष ९०" मध्येच आहे. मायनस सिलिंडर ९० अक्षावर लागतो याचा अर्थ कॉर्निया आडव्या दिशेने जास्त वळलेला आहे. यालाच आपण अगेन्स्ट द रूल म्हणतो. साठी-सत्तरीत बहुतेक कॉर्निया हळूहळू तिकडेच सरकत असतात. छेद ज्या दिशेला देतो ती दिशा सपाट होते आणि तिच्या काटकोनातली दिशा थोडी वर उचलली जाते. म्हणजे वरून छेद दिला की उभी दिशा सपाट आणि आडवी आणखी उंच. आधीच आडव्यात चढलेल्या डोळ्याला आपण आपल्या हाताने अजून एक डायॉप्टर चढवून देतो.

ही युक्ती आजची नाही. दृष्टी तपासायच्या तक्त्याचे जनक स्नेलेन यांनी १८६९ मध्येच सुचवलं होतं की जास्त वळलेल्या दिशेला काटकोनात छेद दिला तर ती सपाट होईल. नॉर्वेच्या श्योट्झ यांनी, ज्यांच्या नावाच्या, डोळ्याचा दाब मोजणाऱ्या टोनोमीटरवर माझ्या पिढीचा हात बसला, १८८५ मध्ये मोतीबिंदूनंतर १९.५ डायॉप्टर सिलिंडर झालेल्या एका रुग्णाच्या लिंबसला, म्हणजे कॉर्नियाच्या कडेला, ३.५ मिलिमीटरचा छेद दिला आणि तो ७ वर आणला. साडेएकोणीस! तेव्हाच्या जखमा काय असतील याची कल्पना करा.

आता आपल्या कामाचे आकडे. मुंबईच्या दोन डॉक्टरांनी २००५ मध्ये इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीत एसआयसीएसच्या तीन जागांची तुलना छापली होती. शस्त्रक्रियेमुळे आलेला सिलिंडर वरच्या छेदाला सरासरी १.२८ डायॉप्टर, वर-बाहेरच्या म्हणजे सुपरोटेंपोरल छेदाला ०.२० आणि कानाच्या बाजूच्या टेंपोरल छेदाला ०.३७. हे तीन आकडे मी ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, भिंतीवर चिकटवले होते.

ते गुरुजींच्या डोळ्याला लावून बघा. आडव्यात १.५० जास्त आहे. वरून केलात तर त्यात १.२८ मिळतात, जवळपास पावणेतीन. टेंपोरल केलात तर ०.३७ वजा होतात, सव्वाच्या आत राहतो. तोच सर्जन, तेच पीएमएमए प्लास्टिकचं भिंग, तेच क्रेसेंट ब्लेड, आणि फरक दीड डायॉप्टरपेक्षा जास्त. खर्च शून्य.

फरक एवढा का पडतो? वरच्या जखमेवर पापणीचं वजन असतं, दर उघडझापीला ती ओढली जाते आणि गुरुत्वाकर्षणही जखमेच्या कडा उघडायलाच मदत करतं. बाजूच्या जखमेला हा त्रास नाही. शिवाय कॉर्निया गोल नसून आडवा लांबट आहे, त्यामुळे टेंपोरल जखम दृष्टीच्या मध्यापासून जास्त लांब पडते. खोल डोळे आणि जाड भुवया असलेल्या रुग्णात टेंपोरलला जागाही मोकळी मिळते. आणि वरचा कंजंक्टायव्हा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा, शाबूत राहतो. उद्या काचबिंदूची शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर तो सर्जन तुम्हाला दुवा देईल.

माझी स्वतःची चूक सांगतो. कामाला लागून पाच-सहा वर्षं झाली होती, रुग्णालयाचं नाव घेत नाही. एक एसटी कंडक्टर आले होते. शस्त्रक्रिया झकास झाली. दीड महिन्याने येऊन म्हणाले, "साहेब, धुकं गेलं, पण बोर्डावरचा आकडा दोनदा दिसतो." सिलिंडर तीनच्या घरात. मी फाइल उघडली तर के रीडिंग तिथेच होतं, आडव्यात १.७५ जास्त. ते मी भिंगाचा नंबर काढायला वापरलं होतं आणि तिथेच सोडलं होतं. ओटीच्या यादीवर फक्त भिंगाची पॉवर होती. दोन केंची सरासरी काढली की अक्ष मरतो, आणि आमच्याकडे तो रोज मरत होता. दुसऱ्या दिवसापासून मी यादीत एक रकाना वाढवला: "जास्त वळलेली दिशा, किती". तुम्हीही आज एवढंच केलंत तरी अर्धं काम झालं.

मग कुठे बसायचं? माझा ढोबळ हिशेब असा. आडव्यात पाऊण डायॉप्टर किंवा जास्त असेल तर टेंपोरल, विचार न करता. फरक नगण्य असेल तर सुपरोटेंपोरल, कारण तो छेद जवळजवळ काही बदलत नाही. उभ्यात एक-दीड जास्त असेल तर वरचा छेदच औषध आहे, तो बिनधास्त द्या. उभ्यात अर्धा-पाऊणच असेल तर मी सुपरोटेंपोरलकडे झुकतो, आणि याला कारण आहे. के मोजणारा केराटोमीटर कॉर्नियाची फक्त पुढची बाजू बघतो. ह्यूस्टनच्या डग्लस कॉख आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की मागच्या बाजूलाही सरासरी ०.३० डायॉप्टरचा सिलिंडर असतो आणि तो बहुतेकांत डोळ्याला अगेन्स्ट द रूलकडे ढकलतो. म्हणजे उभा सिलिंडर यंत्र जास्त सांगतं आणि आडवा कमी. त्यात वयानुसार आडव्याकडे सरकणं चालूच. म्हणून उभा थोडा शिल्लक राहिला तर राहू द्या.

जागेइतकाच महत्त्वाचा आकार. पॉल कॉख यांची "इन्सिजनल फनेल" (लिंबसमागचा नरसाळ्यासारखा भाग, ज्यात राहिलेला छेद सिलिंडर फारसा बदलत नाही) ही कल्पना इथे उपयोगी पडते. छेदामुळे येणारा सिलिंडर लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लिंबसपासून जितके मागे जाल तितका कमी होतो. घन म्हणजे किती ते बघा. ६ चा घन २१६, ७ चा ३४३. एक मिलिमीटर वाढवलात आणि परिणाम दीडपटीच्या वर गेला. म्हणून लिंबसला समांतर, हसऱ्या तोंडासारखा छेद टाळा. त्याची टोकं त्या फनेलच्या बाहेर पडतात. फ्राउन, म्हणजे रुसलेल्या तोंडासारखा छेद द्या. मधला भाग लिंबसपासून दीड-दोन मिलिमीटर मागे, टोकं आणखी मागे वळलेली, दोन टोकांतलं सरळ अंतर सहा ते साडेसहा. टनेल, म्हणजे छेदापासून आत जाणारा बोगदा, स्वच्छ कॉर्नियात दीडेक मिलिमीटर आत न्या आणि आतला तोंडाचा भाग बाहेरच्यापेक्षा रुंद ठेवा. बाजूचे खिसे नीट केलेत तर बाहेरची चीर लहान असूनही न्यूक्लियस, म्हणजे मोतीबिंदूचा कठीण गाभा, निघतो.

पण इथे एक तंबी. काळ्या-तपकिरी, दगडासारख्या मोतीबिंदूला सिलिंडरच्या हव्यासापोटी सहा मिलिमीटरमधून ओढू नका. एंडोथेलियम, म्हणजे कॉर्नियाचा आतला पेशींचा थर, गेलं तर ते परत येत नाही, सिलिंडरला निदान चष्मा तरी आहे. तिथे सरळ सात-साडेसात करा, फक्त जागा योग्य निवडा. रक्त थांबवायला जाळायची कॉटरीही हात आखडून वापरा. जाळून आक्रसलेला स्क्लेरा, म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग, आपला वेगळाच सिलिंडर देतो. गळतीची शंका आली आणि १०-० नायलॉनचा टाका घालावा लागला तर लक्षात ठेवा, घट्ट टाका उलटं काम करतो, त्या दिशेला वळण वाढवतो. अशा डोळ्याचा नंबर टाका काढल्याशिवाय पक्का करू नका.

आता प्रत्यक्ष बसण्याचं. तुम्ही उजवखोरे असाल असं धरतो. डोक्याशी बसलात की रुग्णाची उजवी बाजू तुमच्याही उजवीकडे येते, म्हणून उजव्या डोळ्याचा सुपरोटेंपोरल छेद हाताला आपसूक येतो. तिथून सुरुवात करा. डाव्या डोळ्याला तीच जागा तुमच्या डाव्या हाताकडे जाते आणि मग "जमत नाही" म्हणून लोक नाकाच्या बाजूला घसरतात. घसरू नका, खुर्ची हलवा. पूर्ण टेंपोरलसाठी तर रुग्णाच्या कानाशीच बसायचं आहे. पहिल्या दिवशी तुम्हाला सर्वांत जास्त छळेल ते मायक्रोस्कोपचं पायातलं पेडल, कारण ते जुन्याच जागी राहतं. त्याच्या खालोखाल टेबलाचा पाया, गुडघे कुठे घालायचे कळत नाही. ओटी सुरू व्हायच्या आधी रिकाम्या टेबलावर एकदा बसून बघा. सिस्टरनाही सांगून ठेवा, नाहीतर त्या सवयीने ट्रॉली जुन्या बाजूला लावतील. एका बाजूचे सगळे डोळे सलग लावले की दर वेळी हलवाहलव होत नाही. सुरुवातीला मऊ, दुसऱ्या ग्रेडचे न्यूक्लियस निवडा. टेंपोरल जखम पापणीखाली झाकली जात नाही, त्यामुळे कंजंक्टायव्हा नीट पसरून बसवा, नाहीतर रुग्ण आठवडाभर खुपतंय म्हणून येत राहतो.

के रीडिंग घेताना दोन गोष्टी. ते थेंब टाकायच्या आणि डोळ्याची लांबी मोजणाऱ्या ए-स्कॅनचा प्रोब टेकवायच्या आधी घ्या, कोरड्या डोळ्यात पुन्हा घ्या. आणि शेतात राबणाऱ्यांच्या डोळ्यांत नाकाकडून वाढलेलं मांस, आपलं टेरिजियम, नक्की बघा. ते आडवी दिशा सपाट करतं आणि खोटा उभा सिलिंडर दाखवतं. त्यावर विसंबून वरून छेद दिलात आणि नंतर मांस काढलं की उरतो शुद्ध आडवा. मोठं असेल तर आधी ते काढा, के स्थिरावू द्या, मग मोतीबिंदू.

फेकोवाल्यांनी, म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून त्याहून लहान छेदातून काढणाऱ्यांनी, आपल्यालाही छेदाच्या जागेचा उपयोग आहे का, असं खाली विचारलंय म्हणून दोन ओळी. २.२ ते २.८ मिलिमीटरच्या छेदाचा परिणाम एवढा थोडा असतो की जागा बदलून पाव-अर्धा डायॉप्टर हाती लागतो. समोरासमोर दोन छेद दिले तर थोडा जास्त. त्यापुढे लिंबल रिलॅक्सिंग इन्सिजन, म्हणजे कॉर्नियाच्या कडेला वळण सैल करणारे छेद, आणि सव्वा-दीडच्या वर सरळ टोरिक. टोरिकला मात्र बसवून खूण करणं सक्तीचं, कारण आडवं झोपलं की डोळा फिरतो आणि प्रत्येक अंशाच्या चुकीला सुमारे ३.३ टक्के परिणाम जातो. तीस अंशांना सगळाच. आपल्या सहा मिलिमीटरच्या टनेलला पाच-दहा अंशांनी आभाळ कोसळत नाही.

"एसआयसीएस म्हणजे सिलिंडर आलाच" हे वाक्य मात्र मला पटत नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई रुग्णालयात ४०० डोळ्यांवर फेको आणि एसआयसीएसची तुलना झाली, ती २००५ मध्ये छापून आली. चष्म्यासह ६/१८ किंवा चांगलं दिसणारे दोन्हीकडे ९८.४ टक्के. बिनचष्म्याने सहा आठवड्यांनी फेकोत ८१ टक्के, एसआयसीएसमध्ये ७१. सरासरी सिलिंडर १.१ आणि १.२. आपल्याला भरायची आहे ती मधली दहा टक्क्यांची फट, आणि तिच्यातला बराचसा भाग छेदाच्या जागेत आहे असं माझं मत आहे.

स्वतःचा आकडा काढा, मुंबईचा आयता घेऊन थांबू नका. एकाच जागेचे तीस-चाळीस डोळे, आधीचं के, सहा आठवड्यांनंतरचं के, अक्षासकट. सरळ वजाबाकी करू नका, व्हेक्टरने, म्हणजे आकडा आणि दिशा दोन्ही धरून, करा. एका डोळ्यात ०.५० उभा आला आणि दुसऱ्यात ०.५० आडवा, तर आकड्यांची सरासरी ०.५० येते, पण तुमच्या छेदाचा खरा कल शून्य आहे. आणि सरासरी ही सरासरीच. एकेक डोळा तिच्यापासून भरपूर लांब जातो. जागा ठरवायला ती वापरा, रुग्णाला नंबरचं वचन द्यायला नको.

गुरुजींचा डावा डोळा टेंपोरल करा, फ्राउन, सहा मिलिमीटर. एकच्या आसपास सिलिंडर उरेल, मागच्या बाजूचा धरला तर थोडा जास्तच, हे आधी सांगा. उजव्यापेक्षा निम्मा असेल, त्यांना फरक पहिल्या आठवड्यात कळेल. उजव्याला तीन महिने होऊ द्या, के पुन्हा घ्या. तेव्हाही सिलिंडर तेवढाच असेल आणि चष्मा नकोच असेल, तर श्योट्झचाच मार्ग, पण आर-पार न जाता: आडव्या दिशेला ६०० मायक्रॉनवर बांधलेल्या ब्लेडने रिलॅक्सिंग इन्सिजन. ते पूर्वी केलं नसेल तर पहिलं कुणा अनुभवी माणसाला शेजारी बसवून करा.