वाचकांचे प्रश्न : कुलपात नेमके काय सुधारले?

प्रश्न : गावच्या घराला आजोबांच्या काळापासून एकच पितळी कुलूप होते. ते बदलायला दुकानात गेलो, तर खोक्यांवर ‘सात लिव्हर’, ‘नऊ लिव्हर’, ‘डबल लॉकिंग’ असे शब्द आणि किमतीत दुप्पट-तिपटीचा फरक दिसला. बाहेरून कुलूप होते तसेच दिसते. मग सुधारणा नेमकी कशात झाली? लिव्हर जास्त म्हणजे कुलूप जास्त भक्कम, हे खरे आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपले पत्र वाचल्यावर मी आधी एक काम केले. सात लिव्हरचे एक निकामी कुलूप माझ्याकडे पडून होते. त्याची रिव्हेटे ड्रिलने काढून पाठीचा पत्रा उघडला. आत पितळेच्या सात पातळ पट्ट्या एकीवर एक रचलेल्या होत्या. या पट्ट्या म्हणजेच लिव्हर. प्रत्येक पट्टी एका टोकाला खिळ्यावर हलती बसवलेली असते, बारीक स्प्रिंग तिला खाली दाबून धरते आणि तिच्या पोटात एक खिडकी कापलेली असते : दोन मोठे कप्पे आणि त्यांना जोडणारी अरुंद वाट. कुलपाच्या दांडीच्या खाचेत शिरून तिला अडकवून ठेवणारा जो सरकता बोल्ट असतो, त्याच्यावर एक छोटी खुंटी उभी असते. या खुंटीला एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जायचे असेल, तर सातही अरुंद वाटा एका ओळीत याव्या लागतात. किल्लीचे दात प्रत्येक पट्टीला तिच्या तिच्या मापाइतकेच उचलतात, वाटा जुळतात, आणि किल्लीचा उरलेला फेरा बोल्टला मागे ओढतो.

पट्टी कमी उचलली गेली तर खुंटी अडते, हे सहज लक्षात येते. पण पट्टी जास्त उचलली गेली तरीही खुंटी अडली पाहिजे, ही कल्पना इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनने १७७८ साली पेटंट घेऊन पुढे आणली. त्याआधीच्या कुलपांत पट्टी पुरेशी वर ढकलली की काम भागत असे, त्यामुळे एखादी वाकडी तारही किल्लीची जागा घेऊ शके. आज आपण लिव्हरचे कुलूप म्हणून जे विकत घेतो, त्याचा पाया ही एक सुधारणा आहे, आणि माझ्या मते त्यानंतरची कोणतीही सुधारणा तिच्याइतकी मूलभूत नाही.

आता संख्येचा हिशेब. एका पट्टीची पाच निरनिराळी मापे धरली, तर सात पट्ट्यांच्या ७८,१२५ वेगवेगळ्या किल्ल्या होतात आणि नऊ पट्ट्यांच्या १९,५३,१२५. हा हिशेब कागदावरचा आहे. मी उघडलेल्या कुलपातल्या सातही पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या, तेव्हा तिघींची वाट अगदी एकाच उंचीवर असल्याचे दिसले. शिवाय वाट खुंटीच्या जाडीच्या जवळजवळ दीडपट रुंद कापलेली होती. वाट इतकी सैल असली, की दात थोडे इकडेतिकडे असलेली दुसऱ्या कुलपाची किल्लीही त्यात फिरू शकते. खोक्यावर ‘सात’ लिहिले होते ते खोटे नव्हते, पण सातांपैकी काही पट्ट्या केवळ संख्या भरायला होत्या. उलट पाचच पट्ट्या नेमक्या मापाच्या आणि वाटा खुंटीला जेमतेम जागा देणाऱ्या असतील, तर ते पाच लिव्हरचे कुलूप मी आनंदाने दाराला लावीन.

मापातला हा नेमकेपणा किती महत्त्वाचा आहे, हे एका कुलपाच्याच गोष्टीतून जगाला कळले. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७८४ साली आपल्या कुलपाचे पेटंट घेतले आणि १७९० साली तयार झालेले एक कुलूप लंडनमधील पिकॅडिली येथील दुकानाच्या खिडकीत टांगले. ते किल्लीशिवाय उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनींचे (गिनी म्हणजे जुने इंग्रजी सोन्याचे नाणे) बक्षीस जाहीर केले होते. त्यात लिव्हर नव्हते. नळीच्या आकाराच्या किल्लीने निरनिराळ्या खोलीपर्यंत दाबल्या जाणाऱ्या १८ सरकत्या पट्ट्या होत्या. साठ वर्षांहून अधिक काळ ते कोणाला दाद देईना. १८५१ साली लंडनमध्ये भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले, तेव्हा आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने आधी चब या इंग्रज कुलूपकारांचे प्रसिद्ध कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. चब यांच्या कुलपात एखादी पट्टी मर्यादेबाहेर उचलली गेली, की ती वर अडकून राही आणि कोणीतरी खटपट केली आहे हे मालकाला कळे, अशी योजना होती. तीही हॉब्जपुढे टिकली नाही. मग त्याने ब्रामांचे कुलूप हाती घेतले आणि १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करून तेही उघडले.

त्याच्या हाताला ज्याने वाट दाखवली, ती गोष्ट प्रत्येक कुलपात असते. कुलपाचे भाग कितीही काळजीने घडवले, तरी सगळे तंतोतंत सारखे होत नाहीत. उघडण्याच्या दिशेने जोर दिला, की सगळ्या पट्ट्यांवर तो सारखा पडत नाही. एखादी पट्टी आधी घट्ट पकडली जाते. हा फरक बोटांना जाणवला, की एकेक पट्टी करत पुढे जाता येते. म्हणून पुढच्या काळातल्या चांगल्या कुलपांत दोन गोष्टी केल्या गेल्या : मापातला फरक शक्य तितका कमी केला गेला, आणि पट्ट्यांच्या कडेला मुद्दाम खोट्या खाचा कापल्या गेल्या, म्हणजे चुकीच्या उंचीवरही खुंटी किंचित आत शिरते, हाताला वाटते जुळले, आणि तिथेच ती रुतून बसते. दुकानात हे डोळ्यांना दिसणार नाही. पण किल्ली घालून हळू फिरवून पाहावी. ती खडखडत असेल, आत सैल झोके खात असेल, तर आतले भागही तसेच असणार, असे समजायला हरकत नाही.

आणि एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. घर फोडणारा बहुधा हॉब्जसारखा १६ दिवस बसत नाही. तो पहार आणतो, करवत आणतो. म्हणून दांडी वरून कडक केलेल्या पोलादाची आहे का, ते विचारावे. वरचा थर कडक आणि गाभा चिवट असला, तर करवतीचे पातेही घसरते आणि घाव बसला तरी दांडी काचेसारखी तुटत नाही. दांडी कोयंड्यात जितकी कमी मोकळी राहील तितके चांगले, कारण पहारीचे टोक शिरायला जागाच उरत नाही. मुख्य म्हणजे कोयंडा पाहावा. दीड इंची चार स्क्रूंवर उभ्या असलेल्या कोयंड्याला नऊ लिव्हरचे कुलूप लावून काही उपयोग नाही. आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने नट आवळलेला कोयंडा हवा.

प्रश्न : आमचे जुने कुलूप दांडी नुसती दाबली की लागत असे. नवे कुलूप किल्ली फिरवल्याशिवाय लागत नाही, आणि कुलूप उघडे असताना किल्लीही निघत नाही. दुकानदार म्हणतो, हे सुधारित आहे. ही सुधारणा आहे की बिघाड?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ही सुधारणा आहे, आणि चांगली आहे. दाबून लागणाऱ्या साध्या कुलपात दांडीच्या आखूड टोकाला एक खाच असते आणि तिच्यात स्प्रिंगने पुढे आलेली एक तिरकी जीभ शिरते. दांडी खाली येताना जीभ मागे सरकते, खाच समोर आली की ‘टक्’ करून आत शिरते. पण जी जीभ दांडीच्या दाबाने मागे सरकते, ती दांडीलगत सारलेल्या पातळ पत्र्यानेही मागे सरकू शकते. मग आतले लिव्हर किती आहेत याला काही अर्थ उरत नाही, कारण त्यांना कोणी हातच लावलेला नसतो.

सुधारित कुलपात स्प्रिंगच्या जिभेऐवजी पोलादाच्या दोन गोळ्या असतात. दांडीच्या दोन्ही पायांना आतल्या बाजूने खाचा असतात, आणि गोळ्यांच्या मध्ये किल्लीबरोबर फिरणारा एक दंडगोल असतो. कुलूप लागलेले असताना दंडगोलाचा जाड भाग गोळ्यांच्या पाठीशी येतो. त्यांना मागे हटायला जागा नसते, त्यामुळे पत्रा सारून काही होत नाही. किल्ली फिरवली, की दंडगोलाचा खोलगट भाग समोर येतो, गोळ्या आत सरकतात आणि दांडी मोकळी होते. डबल लॉकिंग म्हणतात ते हेच : दांडीचे दोन्ही पाय धरलेले असतात. आपल्याकडच्या लिव्हरच्या कुलपांत हेच काम गोळ्यांऐवजी दोन्ही पायांत शिरणारा बोल्ट करतो. एकाच पायाला धरणाऱ्या कुलपात दुसरा पाय मोकळा असतो, आणि घाव घातल्यावर दांडी त्याच्याभोवती वळून निसटू शकते.

किल्ली अडकून राहण्याची योजनाही मुद्दाम केलेली आहे. कुलूप खरोखर लागल्याशिवाय किल्ली हातात येत नाही, त्यामुळे ‘लावले की नाही’ अशी शंका घेऊन अर्ध्या वाटेवरून परत यावे लागत नाही. दुकानाचे शटर रोज रात्री घाईत ओढणाऱ्यांना मी हेच कुलूप सुचवतो. किल्ली घरात विसरून दांडी दाबली गेली, हा प्रकारही यात होत नाही.

प्रश्न : किनाऱ्यावर राहतो. दर पावसाळ्यात फाटकाचे कुलूप घट्ट होते. खोबरेल तेल सोडतो, तरी श्रावणात पुन्हा तेच.
— एक वाचक, मालवण

उत्तर : कुलपात खोबरेल घालू नये. थंडीत ते थिजते, धूळ धरते, आणि मग लिव्हर उचलल्यावर आपल्या स्प्रिंगने खाली यायला हवा तो चिकटून वरच राहतो. आधीचे तेल साफ करण्यासाठी कुलूप उघडे ठेवून किल्लीच्या भोकातून थोडे रॉकेल सोडावे, किल्ली दहा-वीस वेळा फिरवावी, काळे पाणी निथळू द्यावे आणि एक दिवस उन्हात वाळवावे. नंतर किल्लीच्या भोकात ग्राफाइटची चिमूटभर पूड फुंकावी. शिवणयंत्राचे पातळ तेल फक्त दांडीच्या पायांना एकेक थेंब लावावे. पूड आणि तेल एकाच भोकात घालू नये, त्यांचा चिखल होतो.

कुलूप लावताना किल्लीचे भोक खाली राहील असे टांगावे. बऱ्याच कुलपांच्या तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्र असते. रंगकाम करताना ते बुजलेले मी अनेक फाटकांवर पाहिले आहे, ते सुईने मोकळे करून घ्यावे. खाऱ्या हवेत अंग पितळेचे हवे, पण पितळ गंजले नाही तरी आतली पोलादी स्प्रिंग गंजतेच, म्हणून वरील सफाई मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा करावी.