'बुंददाणा' आणि बाबा बुदन

प्रश्न असा आहे: जुन्या वाणसामानाच्या यादीत 'बुंददाणे' हा शब्द सापडला. घरातल्या थोरांनी सांगितले की बुंददाणे म्हणजे कॉफीच्या बिया, आणि भारतात कॉफी आणणाऱ्या बाबा बुदन यांच्या नावावरून हा शब्द पडला. हे खरे का?

अर्थ अगदी बरोबर आहे. व्युत्पत्ती मात्र ऐकायला छान, एवढेच.

बुंद हा मुळात अरबी शब्द. अरबीत कॉफीच्या बीला 'बुन्न' म्हणतात आणि त्या बीपासून केलेल्या पेयाला 'कहवा'. बी वेगळी, पेय वेगळे, हा भेद तिथे आजही पाळला जातो. तपकिरी रंगालाही अरबीत 'बुन्नी' म्हणतात. आपण रंगाचे नाव तपकिरीवरून घेतले, त्यांनी कॉफीच्या बीवरून. ज्याचे त्याचे व्यसन!

अरबस्तानाच्या पलीकडे पाहिले तर हाच शब्द तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर भेटतो. कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाच्या डोंगराळ रानांतले. तिथल्या अम्हारिक भाषेत कॉफीला 'बुना' म्हणतात, ओरोमो भाषेतही 'बुना'च. खाली केनियाकडे गेलात तर स्वाहिलीत कॉफीच्या झाडाला 'म्बुनी' हा शब्द आहे, आणि केनियातल्या कॉफी व्यापारात फळासकट वाळवलेल्या, न धुतलेल्या मालालाही 'म्बुनी' म्हणतात. चिकमगळूरच्या एका डोंगरावरच्या संताचे नाव केनियापर्यंत आणि तेही झाडासाठी कसे पोहोचेल? 'बुंद' या कुळातला आहे, बुदनच्या नव्हे.

दुसरा मुद्दा काळाचा. बाबा बुदन यांनी हजहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, ही आख्यायिका साधारण 1670 च्या सुमाराची सांगतात. पण त्याआधीच भारतात कॉफी प्यायली जात होती. जहांगीराच्या दरबारातला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर असलेला पाद्री एडवर्ड टेरी 1616 ते 1619 या काळात इथे होता. दारू न पिणारे धर्मनिष्ठ लोक काळी बी पाण्यात उकळून केलेले 'कॉफी' नावाचे पेय पितात, असे त्याने लिहून ठेवले आहे. झाड इथे नव्हते, बी मात्र येत होती. ती यायची येमेनच्या मोखा बंदरातून. कॉफी मोखात पिकत नसे, ती आतल्या डोंगरउतारांवर पिकायची, बैत अल-फकीहच्या बाजारात विकली जायची आणि मोखात जहाजांवर चढायची. सुरतेहून कापड जायचे, उलट दिशेने हा माल यायचा.

मालाबरोबर मालाचे नाव येते, हे व्यापारात नेहमीचेच. म्हणून गुजरातीतही हा शब्द 'बुंद' असाच आहे, आणि मराठीतही. पेयाचे नाव 'कावा' हेदेखील दोन्ही भाषांत होते, तेही कहवाचेच रूप. पुढे इंग्रजांची 'कॉफी' आली आणि ती बीवरही बसली, पेयावरही.

रोप एका वाटेने जाते आणि शब्द दुसऱ्या वाटेने, याचे सगळ्यात चांगले उदाहरण जावा बेटाचे आहे. डचांनी 1696 मध्ये मलबारहून कॉफीची रोपे तिकडे नेली. म्हणजे झाड भारताकडून गेले. पण इंडोनेशियात कॉफीला 'कोपी' म्हणतात, डचांच्या 'कोफी'वरून. जावातून एक रोप 1706 मध्ये ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोहोचले, त्याच्या वंशातले 1714 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट गेले, आणि अमेरिका खंडात पुढे जी कॉफी पसरली तिचा बराचसा गोतावळा तिथून निघतो. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये या झाडाला 'अरेबिका' म्हटले. ते अरबस्तानातले नव्हे. पण नाव झाले ते झालेच.

मग 'न्न'चा 'ंद' कसा झाला? माझ्या मते यामागे 'दाणा' आहे. 'बुन' आणि 'दाणा' भरभर म्हणून पाहा. मधे 'द' जड होतो, आणि ऐकणाऱ्याला 'बुंद' हा सुटा शब्द वाटू लागतो. त्यावर पुन्हा 'दाणा' लावला की 'बुंददाणा'. हिंदीतल्या 'बूँद'शी, म्हणजे थेंबाशी, किंवा आपल्या बुंदीच्या लाडवाशी याचा संबंध नाही. ते कूळ संस्कृत 'बिंदु'चे.

जाता जाता आणखी एक. 'कॉफी हा शब्द इथिओपियाच्या काफा प्रांतावरून आला' असे सर्रास छापले जाते. मला ते पटत नाही. काफा प्रांतात झाड आहे हे खरे, पण तिकडचा कॉफीसाठीचा शब्द 'बुन'च्याच कुळातला आहे. आणि 'कहवा' हे नाव झाडाचे किंवा बीचे कधी नव्हतेच, पेयाचे होते. जुन्या अरबी काव्यात तर 'कहवा' म्हणजे मद्य.

आज हा शब्द वापरावा का, हेही विचारले आहे. वापरावा. भाजलेली पूड आणि कच्ची बी, दोन्हींना 'कॉफी' म्हणून आपला गोंधळ होतो. चिखलदऱ्याच्या मळ्यातून आणलेल्या कच्च्या बियांना 'बुंददाणे' म्हणायला काहीच हरकत नाही. लिहिताना ऱ्हस्व 'बु' आणि दोन 'द', एवढे सांभाळा.